बातम्या चालू असताना

माझ्या एकतीस वर्षांच्या रेडिओच्या नोकरीत श्रोत्यांच्या सगळ्यात जास्त लक्षात राहिलेले माझे शब्द दोनच: "अगं बाई!"

जुलै महिना, सकाळची पहिली सभा, मी बाजारभाव वाचत होते. सोयाबीन झालं, हळद झाली, गुळाची आवक सुरू होती. स्टुडिओच्या छताला भोकं भोकं असलेल्या पांढऱ्या फरश्या असतात ना, आवाज शोषून घेणाऱ्या, त्यातली माझ्या डोक्यावरची एक गळतीनं आठ दिवस फुगून बसली होती. ती सुटली आणि धप्पकन टेबलावर आली. फेडर, म्हणजे माइकचा आवाज बाहेर सोडणारी कळ, उघडा. "अगं बाई!" चार जिल्ह्यांनी ऐकलं. पुढची नऊ सेकंदं कुणीच काही ऐकलं नाही, कारण मी खुर्चीसकट मागे सरकून भिंतीला चिकटले होते. शेवटी पलीकडून इंजिनिअरनं सनईची तबकडी लावली. नऊ सेकंदं हा आकडा लॉगबुकातला आहे, माझा नाही. दुपारपर्यंत खुलासा मागणारं पत्र टाईप होऊन तयार, आणि आठवड्यानं एका श्रोत्याचं पोस्टकार्ड: "ताई, गुळाचा भाव वाचून तुम्हीच एवढ्या दचकलात, तर आम्ही पिकवणाऱ्यांनी काय करायचं?"

हे आत्ता आठवायचं कारण ब्रूस बेल्फ्रेज, बीबीसीचा एके काळचा वृत्तनिवेदक.

मुलगी लंडनला असते. यंदा मे महिन्यात तिच्याकडे गेले तेव्हा तिनं विचारलं, "आई, आधी काय बघायचं?" मी म्हटलं, "पोर्टलंड प्लेस." तिथे काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं. मला चौथीपासून ठाऊक होतं. आमच्या अण्णांचा मर्फी रेडिओ 'लंडन' लागला की खरखरायचा, आणि अण्णा त्या खरखरीलाही गप्प बसून मान द्यायला लावायचे.

ब्रॉडकास्टिंग हाऊस ही बीबीसीची १९३२ साली सुरू झालेली इमारत रस्त्याच्या वळणावर जहाजाच्या नाळेसारखी पुढे आलेली आहे. शेजारी ऑल सोल्सचं टोकदार कळसाचं चर्च. समोरच्या फुटपाथवर उभी राहून मी कानात इअरफोन घातले आणि एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं. १५ ऑक्टोबर १९४०, रात्री नऊच्या बातम्या. बेल्फ्रेज वाचतोय. मुळात नट माणूस, त्यामुळे आवाज घोटलेला. मध्येच कुठेतरी खालच्या मजल्यावर जड दार आपटावं तसा एक बोदा आवाज येतो. वाचन थबकतं. कुणीतरी कुजबुजल्यासारखं वाटतं. आणि बेल्फ्रेज पुढे वाचायला लागतो.

तो बोदा आवाज बॉम्बचा होता. त्याच इमारतीत फुटलेला.

मी तीनदा ऐकलं. मुलगी म्हणाली, "आई, लोक बघतायत." बघू देत. ज्या बाईनं छताच्या एका फरशीला नऊ सेकंदं दिली, तिनं हे तीनदा ऐकायलाच हवं.

तेव्हापासून तो दिवस डोक्यातून जात नाही. बॉम्बचा क्षण सगळेच सांगतात. मला त्या दिवसाचं क्यू शीट, म्हणजे कार्यक्रमांचा वेळेनुसार तक्ता, हवंय. सकाळी सातला कोण आलं, काय वाजलं, कुणी काय वाचलं.

आधी हे लक्षात घ्या की तेव्हा निवडायला फार काही नव्हतंच. युद्धाच्या आधी बीबीसीची एक राष्ट्रीय सेवा होती आणि प्रांतोप्रांतीच्या वेगळ्या सेवा होत्या. अलेक्झांड्रा पॅलेसहून टेलिव्हिजनसुद्धा चालू होता. १ सप्टेंबर १९३९ला टेलिव्हिजन बंद झाला आणि बाकी सगळं मिळून एकच होम सर्व्हिस उरली. १९४०च्या सुरुवातीला सैनिकांसाठी फोर्सेस प्रोग्राम निघाला, म्हणजे दोन. एवढ्यावर देशभरातले सुमारे नव्वद लाख परवानेवाले रेडिओ चालले. ज्यांच्या घरी वीज नव्हती ते काचेची ॲक्युम्युलेटर बॅटरी हातात धरून, ॲसिड सांडू न देता, दुकानात चार्ज करायला न्यायचे. आमच्या गडहिंग्लजला पिठाची गिरणी आणि बॅटरी चार्जिंग एकाच माणसाकडे होतं. तिथे काय होतं ते बघायला हवं होतं.

सगळं एक का केलं, हे मला आमच्या ट्रान्समीटरवरच्या एका साहेबांनी फार पूर्वी चहा पिता पिता समजावलं होतं. रेडिओचं केंद्र म्हणजे विमानातल्या माणसासाठी दीपगृह. अमुक केंद्र अमुक गावी आहे हे एकदा कळलं की त्याच्या सिग्नलची दिशा धरून नाक सरळ तिकडे. त्यावर बीबीसीच्या इंजिनिअरांनी तोड काढली: ठिकठिकाणचे ट्रान्समीटर मोजक्या तरंगलांबींवर, ३९१ आणि ४४९ मीटरवर, एका ठोक्यात चालवायचे. सगळीकडून एकच सूर आला की कुठला कुठून येतोय ते विमानाला कळत नाही. फार जवळ आलं तर मात्र कळू शकतं, म्हणून विमानं आली की हवाई दलाच्या हुकमानं तेवढा जवळचा ट्रान्समीटर बंद. कार्यक्रम चालूच राहायचा, फक्त दुसऱ्या, लांबच्या ट्रान्समीटरवरून. त्यामुळे घरातल्या रेडिओचा आवाज एकदम बारीक व्हायचा, चिरका व्हायचा. म्हणजे निवेदक विमानांबद्दल अवाक्षर काढत नाही, पण आवाज बारीक झाला की घरातल्या माणसाला सूचना मिळाली. साहेब सांगताना बिस्किट चहात बुडवून धरून बसले होते, ते गळून पडलं, म्हणून हे सगळं माझ्या इतकं लक्षात आहे.

सकाळी सातला बातम्या. मग थोडा व्यायाम, मग आठला पुन्हा बातम्या. हवामान नाही! माझ्यासारखीला हे पचत नाही. रोज सकाळी "पुढील चोवीस तासांत तुरळक ठिकाणी" वाचण्यात माझी निम्मी हयात गेली, आणि इथे अख्ख्या युद्धभर रेडिओवरून हवामानाचा अंदाज बंद. उद्या आभाळ मोकळं आहे हे शेतकऱ्याला सांगितलं की ते जर्मन वैमानिकालाही सांगितलं. गावांची नावंही सहसा नाहीत. 'आग्नेय किनाऱ्यावरचं एक शहर' असं मोघम काहीतरी. ज्यांचं घर पडलं त्यांनाच कळायचं की ते शहर आपलं.

पण एक नाव मात्र नव्यानं आलं होतं: वाचणाऱ्याचं. त्याआधी बीबीसीचा वृत्तनिवेदक बिननावाचा असायचा. १९४०च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, जर्मन खाडी ओलांडून येणार अशी धास्ती बसली, आणि उद्या त्यांच्या कुणी माणसानं माइक बळकावून खोट्या बातम्या दिल्या तर लोकांना कळावं म्हणून जुलैपासून वाचणारे नाव सांगू लागले. या बातम्या, आणि त्या वाचतोय अमुक. आल्व्हर लिडेल, फ्रँक फिलिप्स, बेल्फ्रेज. हेतू एवढाच, की लोकांच्या कानाला आवाज आणि नाव यांची जोडी पक्की व्हावी. आपल्याकडे सुधा नरवणे हे नाव पुण्यात बातम्यांइतकंच घरचं झालं होतं. तिकडे हे प्रेमापोटी नव्हतं, ते ओळखपत्र होतं. पण लोकांना त्या नावांचा लळा लागायचा तो लागलाच.

सगळे आवाज पुरुषांचे, आणि सगळे एकाच वळणाचे. १९३३ साली शीला बोरेट नावाच्या बाईंना निवेदक नेमलं, तर श्रोत्यांच्या तक्रारींचा असा पाऊस पडला की काही महिन्यांत त्यांना बाजूला केलं. आणि १९४१च्या अखेरीला यॉर्कशरचा विल्फ्रेड पिकल्स बातम्यांना बसवला, तोही नटच, तर उत्तरेकडच्या त्याच्या बोलीमुळे बातम्या खऱ्या वाटत नाहीत अशी लोकांची तक्रार. रात्री शेवटी तो उत्तरेच्या लोकांना त्यांच्या ढंगात 'गुड नीट' म्हणायचा. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्या ऑडिशनला मला विचारलं होतं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" मी म्हटलं गडहिंग्लज. काचेपलीकडचे तिघं एकमेकांकडे बघून हसले. पिकल्सबद्दल वाचल्यापासून तो मला चुलतभाऊ वाटतो.

सव्वाआठला किचन फ्रंट. पाच मिनिटांचा कार्यक्रम, अन्न मंत्रालयाच्या सोबतीनं केलेला, आणि माझ्या मते त्या अख्ख्या दिवसातला सगळ्यात हुशार. वेळ बघा. बाजाराला निघायच्या आधी बाईनं पिशवी हातात घेतलेली असताना कानावर पडावं: आज बाजारात काय मुबलक आहे, आणि त्याचं करायचं काय. लोणी, साखर, बेकन जानेवारीपासून रेशनवर. जुलैपासून चहासुद्धा, आठवड्याला माणशी दोन औंस. म्हणजे साधारण ५७ ग्रॅम चहापत्ती, सात दिवस. आमच्या घरी एवढ्यात बुधवारही उजाडणार नाही. कांदा यायचा तो फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातून आणि चॅनेल बेटांतून. दोन्ही जर्मनांच्या हातात गेल्यावर कांदाच गायब. कधी बटाट्याचं गुणगान, कधी गाजराचं. गर्ट आणि डेझी या नावांनी एल्सी आणि डॉरिस वॉटर्स या दोघी विनोदी बहिणी त्यात गप्पा मारायच्या. आमच्याकडेही महिलांच्या कार्यक्रमात पाककृती असायच्या, पण त्यात 'अर्धी वाटी काजू' असायचे. नसलेल्या वस्तूंची पाककृती सांगणं हे वेगळंच कसब.

साडेदहाला म्युझिक व्हाइल यू वर्क, आणि दुपारी तीनला पुन्हा. जूनपासून सुरू झालेला. कारखान्यांतल्या कर्ण्यांवरून वाजण्यासाठीच बनवलेला अर्धा तास, मध्ये निवेदन जवळजवळ नाहीच. यात जी कलाकुसर होती ती बाहेरच्याला कळायची नाही. आवाज एकदम चढवायचा नाही, एकदम उतरवायचा नाही, कारण यंत्रांच्या घरघरीत हळू जागा बुडून जातात. लय एकसारखी. झोप आणणारं काही नको. ढोल जोरात नको, कुणाला गोळीबार वाटेल. पुढे एक अमेरिकन गाणं तर बंदच करावं लागलं, कारण त्यात मध्ये मध्ये टाळ्या होत्या आणि कामगार हातातल्या पान्यानं, हातोडीनं, जे हातात असेल त्यानं यंत्रावर ठोके द्यायला लागले. हे वाचून मला आमच्या कामगारसभेची आठवण झाली. लावणी लावली की कुठल्याशा वर्कशॉपमधून फोन यायचा, पुन्हा लावा म्हणून. साहेब म्हणायचे, पुन्हा लावली तर त्यांचा फोरमन फोन करेल.

हे सगळं लंडनहूनच होत नव्हतं, बरं का. करमणुकीचा विभाग, सिंफनी वाद्यवृंद, धार्मिक कार्यक्रम, सगळे ब्रिस्टलला हलवलेले. नाटकवाले आणखी कुठे. एक कार्यक्रम या गावाहून, दुसरा त्या गावाहून, तारा मध्येच तुटलेल्या, आणि तरी घड्याळाच्या ठोक्याला जोडणी बिनचूक. ज्यानं कधी एकाच गावातली थेट प्रक्षेपणाची लाइन लावायचा प्रयत्न केलाय त्याला विचारा. उद्घाटनाचं भाषण म्हणून अर्धा तास नुसती खरखर ऐकवल्याचं पाप आमच्याही नावावर आहे.

एकला बातम्या, संध्याकाळी मुलांचा कार्यक्रम. दोनच दिवस आधी, रविवारी, चौदा वर्षांची राजकन्या एलिझाबेथ याच मुलांच्या कार्यक्रमात पहिल्यांदा रेडिओवर बोलली होती, आईबापांपासून दूर पाठवलेल्या मुलांना उद्देशून. सहाला बातम्या. अंधार पडला की भोंगे. त्या पाच-सहा आठवड्यांत लंडनवर जवळजवळ रोज रात्री बॉम्ब पडत होते.

आता इमारतीत येऊ. ब्रॉडकास्टिंग हाऊस बांधलीच अशी होती की स्टुडिओ मधल्या जाड भिंतींच्या बिनखिडक्यांच्या गाभ्यात, आणि बाहेरून कचेऱ्यांचं कडं, रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून. युद्धात बाहेरून राखाडी रंग फासला, दारात पहारे बसवले आणि महत्त्वाचं काम तळघरात नेलं. तळातल्या मोठ्या संगीत सभागृहातल्या खुर्च्या काढून गाद्या घातल्या, कारण रात्री ड्यूटी संपली तरी घरी जाणार कसं? पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, मध्ये आडव्या दोरीवर ब्लँकेटं टांगलेली. हे वाचलं आणि मला नुसत्या नावांनी न दिसलेला बीबीसी एकदम दिसला. जिथे काल चौकडी वाजत होती तिथे ब्लँकेटापलीकडे कुणीतरी घोरतंय.

त्या रात्री आठच्या सुमाराला एक बॉम्ब वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरला आणि खाली येत पाचव्या मजल्यावर, संगीताच्या ग्रंथालयाशी थांबला. फुटला नाही. उशिरानं फुटणारा होता. तळघरात नऊच्या बातम्या वेळेवर सुरू झाल्या. नऊ वाजून दोन मिनिटांनी तो फुटला. सातजण गेले. त्यात बायकाही होत्या.

बेल्फ्रेजच्या अंगावर, टेबलावर, कागदांवर छताचा गिलावा आणि काजळी पडली. त्यानं कागदावरची धूळ फुंकली आणि वाचलं, असं सांगतात. ध्वनिमुद्रणात मला फुंकर ऐकू येत नाही, पण मी वाचणारी आहे, मला ती माहीत आहे. अक्षर दिसत नसेल तर दुसरं काय करणार?

हा प्रसंग नेहमी ब्रिटिशांच्या धीराची गोष्ट म्हणून सांगितला जातो, आणि इथे माझं थोडं बिनसतं. त्याच्या मनात काय होतं ते तोच जाणे. पण वाचणाऱ्याच्या घशाला आणि डोळ्यांना एक सवय लागलेली असते. डोळे ओठांच्या दीड ओळ पुढे असतात, आणि ओठ त्यांच्या मागे फरपटत जातात. दचकलेला माणूस थांबतो, पण पुढची दीड ओळ आधीच आत गेलेली असते, ती बाहेर येतेच. मला ती सवय होती तरी मी किंचाळले, म्हणजे फरक आहेच, नाही म्हणत नाही. पण बातम्या संपेपर्यंत वर कोण गेलंय हे खाली कितीसं कळलं असेल? सात माणसांच्या मरणावर एका माणसाच्या शांत आवाजाची गोष्ट उभी राहावी, हे मला ऐकताना चौथ्या वेळी खटकलं. पहिल्या तीन वेळा मीही भारावलेच होते.

परवा कोजागिरीला आमचे भाऊजी आले होते. त्यांना जुन्या पंचांगांचा नाद आहे, दोन कपाटं भरून आहेत. दूध आटेपर्यंत मी हेच सगळं सांगत होते.

"वहिनी, तारीख काय म्हणालात?"

"पंधरा ऑक्टोबर एकोणीसशे चाळीस. मंगळवार."

त्यांनी फोन लावला, मुलाला कपाट उघडायला लावलं, शके १८६२चं पंचांग काढायला लावलं. मग गप्प झाले. मग म्हणाले, "वहिनी, त्या रात्री कोजागिरी होती."

मी गॅस बंद केला. लंडनचे लोक अशा चांदण्याला बॉम्बफेक्यांचा चांद म्हणायचे. खाली थेम्स नदी चांदीच्या पट्टीसारखी दिसते, दिवे घालवून काही उपयोग नाही. त्या रात्री शेकड्यांनी विमानं आली होती. तिथले नऊ म्हणजे, त्यांनी घड्याळ हिवाळ्यातही एक तास पुढेच ठेवलं होतं हे धरून, आपल्याकडे रात्रीचा दीड. म्हणजे कुठल्या कुठल्या गच्चीवर आपली माणसं जागीच असणार, दुधात चंद्र बघत. भाऊजी म्हणाले, "को जागर्ति." जावेनं त्यांना गप्प बसवलं. बरं केलं.

पोर्टलंड प्लेसहून ऑक्सफर्ड स्ट्रीटला चालत दहा मिनिटं लागतात. मुलीला मी तिथे २०० नंबरपुढे उभं केलं. आधी ते कपड्यांचं मोठं दुकान होतं, युद्धात बीबीसीनं घेतलं आणि आत फळ्यांचे आडोसे घालून पूर्वेकडच्या देशांसाठीचे विभाग बसवले. हिंदुस्थानी सेवा ११ मे १९४०ला सुरू झालेली. तिचे झुल्फिकार अली बुखारी मुंबई रेडिओवरून गेलेले, आणि त्यांचे भाऊ इकडे ऑल इंडिया रेडिओचे प्रमुख. म्हणून आमच्या जुन्या लोकांत विनोद होता की बीबीसी म्हणजे बुखारी ब्रदर्स कॉर्पोरेशन. सेवाग्रामला गांधीजींच्या छायेत काम करून गेलेले बलराज साहनी तिथे निवेदक होते. ऑगस्ट १९४१ ते नोव्हेंबर १९४३ जॉर्ज ऑरवेल तिथे नोकरीला. स्पेनमध्ये गळ्यातून गोळी गेलेली, त्यामुळे आवाज पातळ. भारतासाठीची त्याची साप्ताहिक वार्तापत्रं सुरुवातीला बुखारींसारखे दुसरेच वाचायचे. मजकूर लिहिणारा जगप्रसिद्ध, पण माइकपुढे गळा दुसऱ्याचा! आम्हा गळ्यावर पोट असलेल्यांना याचं अंमळ समाधान वाटतं.

आणि त्याच्या त्या वार्तापत्रांचे मराठी अनुवादही प्रसारित व्हायचे. मराठी. लंडनहून. त्याची सहायक होती वेणू चितळे, आमच्या कोल्हापूरकडची, पुण्यात हुजूरपागेत शिकलेली. डिसेंबर १९४२चा एक फोटो आहे. टेबलाभोवती टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, जमैकाच्या उना मार्सन, मागे ऑरवेल उभा, आणि डाव्या बाजूला साडीतली वेणूताई. याच बाईंनी किचन फ्रंटमध्ये इंग्रज गृहिणींना भारतीय शाकाहारी पदार्थ शिकवले. रेशनवरच्या देशात, कांद्याच्या दुष्काळात! कुठे शीला बोरेटला उठवणारे श्रोते आणि कुठे हे. युद्ध काय काय करायला लावतं.

पण सगळं गोड नाही, हेही लिहायला हवं. प्रत्येक संहितेवर सेन्सॉरचे दोन शिक्के, एक सुरक्षेचा, एक धोरणाचा. वाचताना एक माणूस प्रत हातात धरून बटणापाशी बसलेला. शब्द इकडचा तिकडे झाला की आवाज बंद. १९४२च्या ऑगस्टनंतर गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये कैदेत, लंडन मराठीतून स्वातंत्र्याच्या युद्धाच्या बातम्या देतंय, आणि इथे मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सोबती जागा बदलत बदलत ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालवतायत, नोव्हेंबरात पकडले जाईपर्यंत. वेणूताईंना त्या बटणवाल्याकडे बघत वाचताना काय वाटत असेल? मी आणीबाणीनंतर नोकरीला लागले, पण आधीच्या लोकांकडून 'मंजूर प्रत' या शब्दाची दहशत ऐकलेली आहे.

२०० नंबरला आता पुन्हा दुकानंच आहेत. मुलीनं आत जाऊन मोजे घेतले. मी बाहेर थांबले.

माझ्या फरशीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. खुलासा दिला, तो फाइलला लागला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी त्याच स्टुडिओत. छतात चौकोनी भोक, त्यातून एक वायर लोंबतेय, आणि टेबलावर कुणीतरी पुसूनही राहिलेली पांढरी भुकटी. क्यू शीट ठेवायच्या आधी मी फुंकर मारली. मग लाल दिवा लागला. गुळाचे भाव त्या दिवशी चढे होते.